शनिवारवाड्याच्या तुळईतला कार्बन

लाकडी घर पर्यावरणाला चांगले की वाईट? हा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला तर बहुतेक मुले 'वाईट' म्हणतील, कारण त्यासाठी झाड तोडावे लागते. उलट, लाकडी इमारत हवेतला कार्बन साठवून ठेवते म्हणून तिची शिफारस करणारेही आज बरेच आहेत. सरकारी धोरणही असेच उलटसुलट फिरलेले दिसते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ मध्ये आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यास बंदी घातली आणि २०२० मध्ये ती उठवली. तेव्हा हिशेबच मांडून पाहिलेला बरा. त्यासाठी सर्वांच्या ओळखीची एक इमारत घेऊ: पुण्याचा शनिवारवाडा.

हा वाडा १७३० ते १७३२ या काळात उभा राहिला. त्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणींतून आणि चुना जेजुरीच्या परिसरातून आणला, असे इतिहास सांगतो. सगळा माल शंभर किलोमीटरच्या आतला आणि वाहतूक बैलांच्या बळावर.

आता त्यातली एक तुळई मनातल्या मनात तराजूत घालू. वखारीत लाकूड घनफुटाने विकतात, म्हणून एक घनफूट सागवान घ्या. त्याचे वजन सुमारे १८ किलो. त्यातले पाणी वजा केले की कोरडे लाकूड सोळा-साडेसोळा किलो उरते. कोरड्या लाकडाचे जवळजवळ निम्मे वजन कार्बनचे असते, म्हणजे साधारण ८ किलो. १२ ग्रॅम कार्बनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होतो. या प्रमाणाने घनफुटामागे हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड भरतो जवळपास ३० किलो. घनमीटरचा हिशेब केला तर तो एक टनाच्या आसपास जातो.

आकडा चांगला भरघोस आहे, आणि इथेच पुष्कळजण थांबतात. पण हा कार्बन तुळईने नव्हे, झाडाने साठवला होता. झाड जुन्नरला उभे होते तेव्हाही तो साठलेलाच होता. ते तोडून पुण्याला आणल्याने साठ्यात कणाचीही भर पडली नाही. उलट घटच झाली. मुळे जमिनीत कुजली, फांद्या सरपणाला गेल्या. ओंडका चिरताना साल, बाजूच्या फळ्या, भुसा असे बरेच काही निघून जाते. आजच्या सॉ-मिलमध्येसुद्धा ओंडक्यातून कामाचे लाकूड साधारण निम्मेच हाती लागते. बाकीच्याचा कार्बन बहुधा दोन-चार वर्षांतच हवेत परततो.

मग नफा कुठे आहे? तो रिकाम्या झालेल्या जागेत आहे. तिथे नवे झाड वाढू लागले आणि इकडे तुळई टिकून राहिली, तर एकाच जागेवरच्या दोन झाडांचा कार्बन हवेबाहेर राहतो. त्या जागी शेत झाले किंवा माळ उरला, तर नफ्याचा प्रश्नच येत नाही. सागाला चांगली जाडी यायला साठ-ऐंशी वर्षे लागतात, म्हणून तुळईनेही निदान तेवढी वर्षे टिकायला हवे. झाड तोडलेच नसते तर ते आणखी वाढले असते, हेही हिशेबात धरावे लागते. लाकडी इमारतीच्या जाहिरातीत ही वजाबाकी सहसा दिसत नाही.

शनिवारवाड्याचे पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहेच. १८२८ मध्ये आग लागली आणि ती सात दिवस धुमसत राहिली. सुमारे शतकभर सांभाळलेला कार्बन एका आठवड्यात हवेत गेला. दगडी तट आणि जोती तेवढी राहिली.

जेजुरीच्या चुन्याची गोष्ट आणखी मजेदार आहे. १०० ग्रॅम चुनखडी भाजली की ५६ ग्रॅम चुना मिळतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पण भिंतीतला चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषूनच. म्हणजे भट्टीत सोडलेल्या वायूचा बराचसा भाग भिंत वर्षानुवर्षे परत घेत राहते. भट्टीच्या इंधनाचा धूर मात्र परत येत नाही. सिमेंटही चुनखडीपासूनच होते, पण ते घट्ट होते मुख्यतः पाण्याशी संयोग पावून. हवेतला वायू ते फार सावकाश आणि थोडाच घेते. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा असतो. पोलादाच्या एका टनामागे सुमारे दोन टन वायू बाहेर पडतो, आपल्याकडे त्याहूनही जास्त.

लाकडाची खरी बाजू इथे आहे, असे आम्हाला वाटते. ते साठवते त्यापेक्षा, ते ज्याच्या जागी येते त्याचा धूर वाचवते हे महत्त्वाचे. मात्र तुलना किलोला किलो अशी करू नये. तेवढ्याच लांबीची आणि तेवढाच भार पेलणारी तुळई लाकडाची, पोलादाची आणि काँक्रीटची केली तर प्रत्येकीला किती माल लागेल, हे पाहिले पाहिजे.

वाहतुकीबद्दल एक आश्चर्य. दूरदेशीचे लाकूड वाईटच असे आपण गृहीत धरतो. पण टनामागे आणि किलोमीटरमागे जहाजाचा धूर ट्रकच्या मानाने कितीतरी कमी असतो. बंदरापासून गावापर्यंतचा घाटरस्ता हिशेबात कधीकधी समुद्राइतकाच भरतो. पुण्यातले जुने वाडे पाडल्यावर त्यांतले खांब आणि तुळया पुन्हा विकल्या जातात. ते लाकूड सगळ्यांत उजवे, कारण त्यासाठी नवे झाड पडत नाही आणि जुना कार्बनही सुटत नाही. तेच लाकूड ढिगाऱ्याखाली हवेविना कुजले तर मिथेन होतो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा किलोमागे कितीतरी अधिक उष्णता अडवतो.

आणि कार्बन म्हणजे काही सगळे पर्यावरण नव्हे. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात सागाची लागवड झाली. त्यातली काही झाडे अजून उभी आहेत. पण एकाच जातीची लागवड म्हणजे जंगल नव्हे. सागाच्या रुंद पानांवरून मोठमोठे थेंब गळतात, आणि खाली झुडपे नसतील तर माती धुपते. ही नोंद किलोग्रॅममध्ये करता येत नाही, म्हणून ती वहीत वेगळी लिहावी.

वर्गात हा हिशेब करायला सागाचे एक बाक पुरे. त्यातले लाकूड २० किलो असेल तर साठलेला कार्बन डायऑक्साइड ३३ किलोच्या आसपास निघेल. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे मोटारसायकलने १४ लिटर पेट्रोल संपवले की बाकाची साठवण फिटली. मग मुलांना शाळेच्या अडगळीच्या खोलीत न्यावे आणि मोडलेली बाके मोजायला लावावीत: किती दुरुस्त होतील, किती फळ्या दुसरीकडे वापरता येतील आणि किती बंबात जातील.