शिडाचा बोर्ड: जुना लांब की नवा उडता?

चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत ईबाद अली याने विंडसर्फिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले. त्याचा बोर्ड ‘आरएस:एक्स’ प्रकारचा होता. टोकियोनंतर हा बोर्ड ऑलिंपिकमधून गेला. २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत त्याच्या जागी ‘आयक्यूफॉइल’ आला. मग जुने बोर्ड निरुपयोगी झाले का?

विंडसर्फिंगमध्ये खेळाडू बोर्डवर उभा राहून शीड हातात धरतो. शीड सर्व बाजूंना कलणाऱ्या सांध्याने बोर्डला जोडलेले असते. सुकाणू नसते, शीड पुढे-मागे कलवून दिशा बदलतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत होइल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी तयार केलेला बोर्ड साडेतीन मीटरपेक्षा लांब व अरुंद होता. हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो १९८४ मध्ये.

लांब बोर्ड पाणी कापत जातो. मंद वाऱ्यातही तो सरकतो आणि खालची उभी फळी त्याला आडवा वाहू देत नाही. ‘आरएस:एक्स’ २.८६ मीटर लांब व ९३ सेंटिमीटर रुंद. पुरेसा वारा मिळाला की तो पाण्यावरून घसरत वेग घेतो. ‘आयक्यूफॉइल’ जेमतेम २.२० मीटरचा, पण त्याच्या खाली दांड्यावर पंख असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्याने हा छोटा पंखही वेग येताच बोर्ड आणि खेळाडू दोघांना पाण्याबाहेर उचलतो. मग पाण्याचा विरोध एकदम कमी होतो.

शरीरावरचा ताणही बदलतो. वारा मंद असताना ‘आरएस:एक्स’वर शीड सतत हलवून वेग मिळवावा लागे, दंड, पाठ आणि दम यांचा कस लागे. फॉइलवर तोल आणि पायांचे नियंत्रण महत्त्वाचे ठरते. शिडाची ओढ पेलायला वजनही लागते, म्हणून त्याकडे वळलेल्या अनेक पुरुष खेळाडूंनी वजन वाढवले. वेग जास्त असल्याने पडल्यावर इजेचा धोका अधिक, त्यामुळे हेल्मेट हवे.

कामठ्याच्या भागातील तलावांचा विचार केला, तर उत्तर वेगळे निघते. फॉइलचा दांडा सुमारे ९५ सेंटिमीटर लांब असतो. मालगुजारी तलावांत कडेचे पाणी उथळ आणि गवत-वेलींनी भरलेले. तिथे तो अडकेल किंवा तळाला लागेल. अशा ठिकाणी शिकणाऱ्यासाठी रुंद, जाड बोर्ड आणि लहान शीड योग्य. गोड्या पाण्यात एक लिटर आकारमान साधारण एक किलो भार पेलते. शिकणाऱ्याचे व शिडाचे वजन, बोर्डचे स्वतःचे वजन आणि वर भरपूर जादा लिटर असा हिशेब धरला, तर बोर्ड बुडत नाही आणि कमी डगमगतो.

जुन्या आणि नव्यातली निवड पाण्याची खोली, वारा आणि शिकणाऱ्याची तयारी पाहून करावी. बोर्ड कोणताही असो, लाइफ जॅकेट आणि पोहता येणे या गोष्टी आधी.