हात तबल्यावर, सूर गळ्यात!

रॉक संगीत म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? लांब केस, किंचाळणारी गिटार, मंचभर उड्या मारणारा गायक आणि कानठळ्या बसवणारे ड्रम्स! पण दिल्लीतल्या जुन्या रसिकांना विचारून पाहा. त्यांच्या आठवणीतला रॉक गायक मंचावर चक्क मांडी घालून बसलेला असतो. पुढ्यात तबला, समोर माइक. दोन्ही हात तबल्यावर चालू आणि त्याच वेळी मोकळ्या, भारदस्त आवाजात गाणेही चालू. हे गायक म्हणजे ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या बँडचे असीम चक्रवर्ती.

आपल्या बैठकीत गायक वेगळा आणि तबलजी वेगळा. गाता गाता वाजवणारा म्हटला तर आपल्याला डफावर थाप मारणारा शाहीर आठवतो. पण तबल्याची बोटे सांभाळत लांबलचक सूर लावायचा म्हणजे श्वास एकीकडे आणि हात दुसरीकडे! असीमदा हे काम इतक्या सहजपणे करत, की त्यातली अवघड बाजू ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नसे. ती कळायची त्यांना समोर बसून पाहिल्यावरच.

गिटार विकून टेप

गिटारवादक सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये हा बँड उभा केला. सुरुवात मोठी कष्टाची होती. नमुन्याची टेप ध्वनिमुद्रित करण्यासाठी सुस्मित यांना स्वतःची इलेक्ट्रिक गिटार विकावी लागली. पुढे बास गिटार घेऊन राहुल राम आले. १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलाम आले आणि चौकडी पूर्ण झाली. करोल बागेतल्या खजूर रोडवरच्या एका जुन्या घरात या चौघांचा सराव चाले. पाश्चात्त्य वाद्ये होती, पण चाली इथल्या मातीतल्या होत्या. इंग्रजी गाण्यांची नक्कल करायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकले होते.

१ जानेवारीची मैफल

दिल्लीकरांच्या स्मरणात राहिलेली त्यांची एक मैफल १ जानेवारी १९९७ची. स्थळ मंडी हाऊस. निमित्त होते सफदर हाश्मी यांच्या स्मृतिदिनाचे. १ जानेवारी १९८९ रोजी दिल्लीला लागून असलेल्या साहिबाबादच्या झंडापूर भागात ‘हल्ला बोल’ हे पथनाट्य सादर करताना हाश्मी यांच्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने स्थापन झालेली ‘सहमत’ ही संस्था दर वर्षी या दिवशी कलावंतांना एकत्र आणू लागली.

त्या दिवशीचे ‘इंडियन ओशन’चे वादन ध्वनिमुद्रित झाले आणि ‘डेझर्ट रेन’ या नावाने बाजारात आले. स्टुडिओत चूक झाली की पुन्हा गाता येते. मंचावर ती सोय नाही. लागला तो सूर, पडली ती थाप! म्हणूनच तो अल्बम ऐकताना जानेवारीतल्या त्या दिवसाचा जिवंतपणा आजही जाणवतो.

नर्मदेकाठचे सूर

या बँडचा महाराष्ट्राशीही एक धागा आहे. राहुल राम यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, पण परत आल्यावर ते काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात राहिले. सरदार सरोवरामुळे आपल्याकडील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीचे नाव तर तेव्हा घरोघरी पोहोचले होते. रेवा म्हणजे नर्मदा. तिच्या खोऱ्यातले लोकगीत ‘मा रेवा’ या बँडने मंचावर आणले आणि २००० साली ‘कंदीसा’ या अल्बममधून ते देशभर गेले. ज्यांनी नर्मदा कधी पाहिली नव्हती, अशी शहरातली मुलेही तिचे गाणे गाऊ लागली!

रिकामी जागा

ऑक्टोबर २००९ मध्ये दौऱ्यावर असताना दोहा येथे असीमदांना हृदयविकाराचा झटका आला. २५ डिसेंबर २००९ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बँडपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. एक माणूस गेला होता, पण गायक आणि तबलावादक अशा दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. त्या भरायला दोघे जण लागले : गाण्यासाठी हिमांशू जोशी आणि तबल्यासाठी तुहिन चक्रवर्ती. असीमदांचे मोठेपण सांगायला याहून वेगळा दाखला कशाला हवा?

२०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम आला. नाव सरावाच्या घराच्या पत्त्याचे आणि आवाज असीमदांचा. त्यातली गाणी बँडने दर महिन्याला एक याप्रमाणे रसिकांना फुकट दिली. त्याच वर्षी जयदीप वर्मा यांचा ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपट चित्रपटगृहांत झळकला. ज्यांची भेट हुकली, त्यांना असीमदा निदान पडद्यावर तरी भेटतात.

कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, आता तर गाणी खिशातल्या फोनमध्ये आहेत. हवे तेव्हा ऐकता येतात, म्हणून कार्यक्रमाला जायचे ‘पुढच्या वेळी’वर ढकलले जाते. पण कलावंत आपल्यासाठी थांबून राहतोच असे नाही. तेव्हा आवडता गायक गावात आला, की तिकीट काढावे, मुलांनाही सोबत न्यावे आणि शक्यतो पुढच्या रांगेत बसावे. गाणे घरी ऐकता येते. गाणाऱ्याचे हात पाहायला मात्र तिथेच जावे लागते.