दांडीपासून पाच हजार किलोमीटर

उत्तर कोकणातल्या दांडीच्या किनाऱ्यावर बोटीचा खिळा गंजतो आणि पावसाळ्याच्या बेगमीचा सुका बोंबील खवट होतो, दोन्हींमागे ऑक्सिजनच. तो श्वासातून आत गेला तरी खोड जात नाही. पेशीत ऊर्जा तयार होताना त्याचे काही रेणू अर्धवट, भुकेले राहतात आणि डीएनएचे लचके तोडतात. एका अंदाजानुसार दर पेशीत दिवसाला सुमारे 10,000 घाव. बहुतेक लगोलग बुजवले जातात.

या घावांचा हिशेब मांडायला आता रक्ताचा रिपोर्ट बघा. घन मिलिमीटरमागे 7,000 पांढऱ्या पेशी म्हणजे तब्येत ठीक. अंगात रक्त पाचेक लिटर, तेव्हा पेशी झाल्या 3,500 कोटी. एकीला एक खेटून दांडीपासून दक्षिणेला मांडल्या, तर रांग साडेतीनशे किलोमीटर. महाराष्ट्राच्या 720 किलोमीटर किनाऱ्याच्या निम्म्यावर ती संपेल.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात घन मिलिमीटरमागचा पांढऱ्या पेशींचा आकडा लाखावर जाऊ शकतो. मग पेशी 50,000 कोटी, रांग 5,000 किलोमीटर. सगळा किनारा जवळजवळ सात वेळा! सुरुवात मात्र एका पेशीची. तिच्यात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि एक नवे प्रथिन जन्मते. एकाचे दोन, दोनाचे चार, असे 39 वेळा झाले की 50,000 कोटींचा पल्ला पार.

मला धास्ती वाटते ती पुढच्या हिशेबाची. नेहमीच्याच दराने धरले तरी एवढ्या पेशींत रोज 50 कोटी कोटी घाव. त्यात हे प्रथिन स्वतःच भुकेला ऑक्सिजन वाढवते. वाढलेला ऑक्सिजन पेशींना आणखी वाढायला डिवचतो, डीएनए तोडतो, आणि दुरुस्तीत चुका राहतात. अशाच एखाद्या चुकीतून औषधाला न जुमानणारी पेशी निपजते.

या प्रथिनाला वेसण घालणारी इमॅटिनिब ही गोळी 2001 साली आली. ती घेणाऱ्यांच्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतरही शंभरातले ऐंशीहून अधिक रुग्ण हयात होते. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीला पेटंट नाकारले, म्हणून महिना लाखाच्या वर किमतीचे औषध इथे दहा हजारांच्या आत बनत राहिले.

घरात कुणाला हा आजार असेल, तर बरे वाटते म्हणून गोळी चुकवू देऊ नका. आणि भुकेल्या ऑक्सिजनच्या धास्तीने ‘अँटिऑक्सिडंट’ लिहिलेली कुठलीही बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडू नका.