उपवासकाळातील सांकवाळची पदयात्रा

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो. रविवार सोडून ईस्टरपर्यंतचे हे ४० दिवस प्रार्थना, उपवास आणि दानधर्माचे. याच काळात गोव्यातील भाविक सांकवाळच्या संत जोसेफ वाझ तीर्थस्थानी पायी जातात. तयारीत मनाचा वाटा मोठा: पापनिवेदन, ‘क्रूसाची वाट’ ही प्रार्थना, शुक्रवारी मांसाहार वर्ज्य.

पायी चालण्याला इथे फार सुंदर अर्थ आहे. १६५१ मध्ये बाणावलीत जन्मलेले वाझ स्वतः अनवाणी हिंडणारे धर्मगुरू. श्रीलंकेतील डच अमलात कॅथलिक धर्मगुरूंना बंदी असतानाही १६८७ मध्ये ते वेश पालटून तिथे पोचले आणि गावोगाव फिरून त्यांनी विखुरलेला समाज पुन्हा उभा केला. पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत त्यांना संत घोषित केले.