थंडीत गाडी सुरू होत नाही? बॅटरीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिसेंबर लागला की नाशिककर सकाळी वर्तमानपत्रात आधी निफाडचा पारा पाहतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात होणारी ही नोंद अनेक हिवाळ्यांत पाच अंशांच्या खाली गेलेली आहे. नाशिक शहराचा नोंदलेला नीचांक ०.६ अंश सेल्सिअस, तोही ७ जानेवारी १९४५ चा. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, उत्तरेकडून येणारे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश यांमुळे रात्री जमीन झपाट्याने थंड होते. पहाटे द्राक्षबागायतदार मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच वेळी गंगापूर रोडपासून ओझरपर्यंत कितीतरी अंगणांत किल्ली फिरवल्यावर फक्त 'कट-कट' आवाज येतो आणि मुलांची शाळा, दवाखान्याची वेळ, मार्केट यार्डात माल पोहोचवायची घाई, सगळे अडून बसते.

अशा वेळी शेजारीपाजारी जे सल्ले देतात, त्यांतले काही निरुपयोगी असतात आणि काही धोक्याचे. ते एकेक करून तपासू.

गैरसमज १ : थंडीमुळे बॅटरी खराब होते.

वस्तुस्थिती : बॅटरी झिजते ती उन्हाळ्यात. थंडी ती झीज उघडी पाडते.

गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेट आणि पाणी मिसळलेले सल्फ्युरिक ॲसिड. त्यांच्यातल्या रासायनिक क्रियेतून वीज मिळते. तापमान वाढले की ही क्रिया वेगाने होते, पण तिच्यासोबत प्लेटच्या जाळीचे गंजणे आणि पाण्याचे उडून जाणेही वेगाने होते. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त उष्णता साठते. बॅटरीचे आयुष्य तिथे कमी होते.

मग ती बंद मे महिन्यात का पडत नाही? कारण उकाड्यात इंजिन सहज फिरते आणि अर्धी झिजलेली बॅटरीही वेळ मारून नेते. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि इंजिन ऑइल घट्ट होते. म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. नवी बॅटरी हा ताण सोसते, जुनी हात टेकते. म्हणूनच उन्हाळ्यात गाडी सावलीत लावणे हे हिवाळ्यासाठी बॅटरी जपण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

गैरसमज २ : आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग बॅटरीवर कसला परिणाम होणार?

वस्तुस्थिती : परिणाम शून्य अंशाच्या बराच आधी सुरू होतो.

आपल्याकडे बॅटरीची क्षमता २७ अंश तापमान धरून मोजतात. त्याखाली प्रत्येक अंशाला साधारण एक टक्का क्षमता कमी होते असे ढोबळमानाने धरायला हरकत नाही. पहाटे सात अंश असतील, तर चांगल्या बॅटरीचीही सुमारे पाचव्या हिश्श्याची ताकद तेवढ्यापुरती गेलेली असते. ऊन वर आल्यावर ती परत मिळते. दुपारी मेकॅनिक आला की गाडी पहिल्याच फटक्यात सुरू होते आणि 'काही झालेले नाही' असे वाटते, ते यामुळे. पण तो फसवा दिलासा असतो. दुसऱ्या पहाटे तीच अडचण पुन्हा उभी राहते.

याच्या उलट टोकाची भीतीही खरी नाही. बॅटरीतले पाणी नाशिकच्या थंडीत गोठत नाही. पूर्ण चार्ज बॅटरीतले द्रावण गोठायला उणे ६० अंशांच्या आसपास जावे लागते. पार उतरलेल्या बॅटरीत ॲसिडचे प्रमाण कमी आणि पाणी जास्त होते, तरी तीही शून्याखाली काही अंश गेल्याशिवाय गोठत नाही. हिवाळ्यात लडाखला गाडी नेणाऱ्यांनी मात्र हे ध्यानात ठेवावे : उतरलेली बॅटरी तिथे रात्रभर ठेवू नये, आणि गोठलेली बॅटरी कधीही चार्ज करू नये.

गैरसमज ३ : दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे.

वस्तुस्थिती : दिव्याला लागणारा आणि स्टार्टरला लागणारा करंट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

हेडलाइटचा ५५ वॉटचा एक बल्ब पाच अँपिअरसुद्धा घेत नाही. स्टार्टर मोटर मात्र इंजिन फिरवताना शंभर-दोनशे अँपिअर ओढते, डिझेल इंजिनाला त्याहूनही जास्त. त्यामुळे थकलेली बॅटरी दिवा पेटवते आणि स्टार्टरपुढे कोसळते.

घरी साधा मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी मोजा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२ च्या खाली म्हणजे ती तातडीने चार्जिंगला लावायला हवी. पण एवढ्यावर थांबू नका. कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि त्या क्षणी आकडा पाहा. तो साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरीत दम उरलेला नाही किंवा ती चार्ज झालेली नाही. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट करतात ती याच तत्त्वावर. गाडी सुरू झाल्यावर आकडा साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवा. येत नसेल तर दोष अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या बेल्टमध्ये असू शकतो. तो न शोधता नवी बॅटरी घेतली तर तीही आठवड्यात उतरेल.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल, तर चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. आधी तो थर साफ करा. खायचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासला की निघतो; त्या वेळी बॅटरीची झाकणे घट्ट बंद हवीत, हातात हातमोजे हवेत.

गैरसमज ४ : रोज सकाळी पाच मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवली की बॅटरी भरते.

वस्तुस्थिती : हिशोब जुळत नाही.

छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. ती अर्धी उतरली, तर सुमारे १७ अँपिअर-अवर भरून काढायचे आहेत. जागेवर फिरणाऱ्या इंजिनाचा अल्टरनेटर दिवे, पंखा, काचेवरचे दव घालवणारा डिफॉगर यांचा खर्च भागवून बॅटरीला समजा पाच अँपिअर देऊ शकला, तर पाच मिनिटांत अर्धा अँपिअर-अवरसुद्धा जमा होत नाही. शिवाय शेवटचा वीस टक्के भाग बॅटरी फार सावकाश घेते.

उभ्या गाडीचाही खर्च चालूच असतो. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, अलार्म, कॉम्प्युटर यांना मिळून ५० मिलिअँपिअर लागतात असे धरले, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात. दोन आठवडे गाडी हलली नाही की जवळपास अर्धी बॅटरी रिकामी. घर ते कॉलेज रोड एवढाच दोन किलोमीटरचा रोजचा फेरा असेल, तरी तीच गत होते.

आठवड्यातून एकदा गाडी मोकळ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास चालवा. बॅटरी फार उतरली असेल तर अल्टरनेटरच्या भरवशावर राहू नका. दुकानात चार्जरवर रात्रभर लावा. शिशाची बॅटरी बराच काळ अर्धवट चार्ज राहिली की प्लेटवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात. मेकॅनिक ज्याला 'सल्फेशन' म्हणतात ते हेच, आणि एकदा ते बसले की गेलेली क्षमता सहसा परत येत नाही.

गैरसमज ५ : स्टार्टर मारत राहा, शेवटी घेईलच. नाहीतर धक्का मारा.

वस्तुस्थिती : सलग स्टार्टर मारल्याने उरलीसुरली बॅटरी संपते आणि स्टार्टर मोटर तापून जळू शकते.

एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये अर्धे मिनिट थांबा. त्याआधी दिवे, पंखा, म्युझिक सिस्टिम बंद करा. क्लच पूर्ण दाबा, म्हणजे गिअरबॉक्समधले घट्ट ऑइल ढवळण्याचा ताण स्टार्टरवर येत नाही. डिझेल गाडी असेल तर किल्ली ऑन करून हिटरचा, म्हणजे ग्लो प्लगचा, पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच स्टार्टर मारा.

धक्का मारण्याचा उपाय ऑटोमॅटिक गाडीला लागूच नाही. गिअरच्या गाडीलाही तो अडचणीतच वापरावा. आजच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि इंजिनाचा कॉम्प्युटर विजेवर चालतो, त्यामुळे बॅटरी पार मेलेली असेल तर धक्क्यानेही इंजिन पेटत नाही. शिवाय न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भाग खराब होऊ शकतो. उतारावर तर धक्का नकोच : इंजिन बंद असताना ब्रेक फार जड होतात.

गैरसमज ६ : जंपर केबल कोणत्याही गाडीवरून, कशीही जोडली तरी चालते.

वस्तुस्थिती : व्होल्टेज तेच हवे आणि जोडण्याचा क्रम पाळायलाच हवा.

नाशिक हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे वाहतुकीचे मोठे ठाणे, त्यामुळे मदतीला ट्रक सहज मिळतो. पण मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते. त्यावरून कारला वीज दिली तर कारचा कॉम्प्युटर आणि दिवे जळू शकतात. शेतावरच्या ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते, तरी खात्री करूनच केबल जोडा.

क्रम असा : लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. ठिणगीने तो पेटला तर बॅटरी फुटून ॲसिड अंगावर उडते. याच कारणाने बॅटरीजवळ बिडी, सिगारेट, काडी नको. आणि इंजिनाला ऊब देण्यासाठी गाडीखाली शेकोटी तर मुळीच नको. गाडी सुरू झाल्यावर केबल उलट्या क्रमाने काढा.

गैरसमज ७ : बॅटरी कमजोर झाली की ॲसिड टाकावे, किंवा आरओचे पाणी चालते.

वस्तुस्थिती : बॅटरीतून उडून जाते ते पाणी, ॲसिड आतच राहते. म्हणून भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर.

वरून ॲसिड ओतले की द्रावण तीव्र होते आणि प्लेट लवकर खाल्ल्या जातात. बोअरच्या पाण्यातले क्षार तर घातकच. आरओच्या पाण्यातही काही क्षार उरतात आणि एसीतून गळणाऱ्या पाण्यात धूळ आणि धातूचे अंश येतात. पाणी खुणेपर्यंतच भरा आणि शक्यतो चार्ज झाल्यावर भरा. प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील तेवढेच पाणी चार्जिंगच्या आधी भरून घ्या. बंद, 'मेंटेनन्स-फ्री' बॅटरी उघडायचा प्रयत्न करू नका.

गैरसमज ८ : इलेक्ट्रिक गाडीला ही भानगड नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी असते. दरवाजे, स्क्रीन, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे स्विच तिच्यावर चालतात. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. सर्व्हिसिंगला गेल्यावर तिचीही तपासणी मागा.

गैरसमज ९ : जुनी बॅटरी भंगारवाल्याला दिली की संपले.

वस्तुस्थिती : उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवले की ते माती, पाणी आणि आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला त्याचा अपाय होतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानातच परत द्या. किमतीत सूटही मिळते. नवी बॅटरी किती महिन्यांपूर्वी बनली ते तिच्यावरच्या कोडवरून विचारून घ्या. कपाटात महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी नवी असूनही थकलेली असते.

या सगळ्यातून एकच गोष्ट करायची ठरवली तर ती ही : दसऱ्याला आपण गाडी धुतो, हार घालतो, पूजा करतो. त्याच आठवड्यात बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. उन्हाळा सोसून झालेला असतो आणि कडाक्याची थंडी अजून काही आठवडे दूर असते. बॅटरीला तीन वर्षे झाली असतील तर ही तपासणी चुकवू नका. रात्री-अपरात्री घरातल्या आजारी माणसाला घेऊन निघायची वेळ येते, तेव्हा गाडी सुरू होणे ही चैनीची बाब राहत नाही, आणि त्या वेळेची तयारी दसऱ्याच्या आठवड्यात अर्ध्या तासात होते.