दूरचित्रवाणी संचाची निवड

नवा संच घेऊ इच्छिणाऱ्या व्यापारी बंधूंनी दुकानात जाण्यापूर्वी दिवाणखान्यातील बैठकीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजावे. संचाचे इंच हे पडद्याच्या कर्णाचे माप होय. ५५ इंची पडदा रुंदीस सुमारे ४८ इंचच भरतो. ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे ८३ लक्ष बिंदू असतात, म्हणजे ‘फुल एचडी’च्या चौपट. परंतु अशा ५५ इंची पडद्यापासून सात-आठ फुटांपलीकडे बसल्यास हा भेद निरोगी दृष्टीसही क्वचितच जाणवतो. बैठक बारा फुटांवर असल्यास केवळ त्या शब्दासाठी अधिक दाम मोजण्यात अर्थ नाही.

दुकानातील संच बहुधा अतितेजस्वी चित्रावर लावलेला असतो. पोत्यात हात घालून नमुना पाहिल्याविना आपण गहू घेत नाही. येथे मात्र समोरून जे दिसले त्यावरच भुलतो! काही पडद्यांचे रंग बाजूने पाहता फिके पडतात. एकत्र कुटुंबात निम्मी मंडळी बाजूसच बसतात. म्हणून तिरके उभे राहून पाहावे.

खरी उणीव ध्वनीची. पातळ संचात ध्वनिक्षेपकास पुरेशी जागा नसते. वृद्धांस संवाद उमगत नाहीत, आणि आवाज वाढविला की मुलांच्या अभ्यासात व्यत्यय येतो. बिंदूंवरील खर्च वाचवून संवाद स्पष्ट करण्याची सोय असलेला साउंडबार घ्यावा. तो व संच या दोहोंस ‘एचडीएमआय एआरसी’ जोड असल्याची खात्री करावी, म्हणजे संचाच्याच रिमोटने त्याचाही आवाज कमी-अधिक करता येतो.