विद्यापीठाच्या उंबरठ्यावरचे सोबती

मुलाला विद्यापीठाची पदवी मिळाली म्हणजे सारे घर आनंदते. कॅनडातील मूळ रहिवाशांच्या बाबतीत मात्र एके काळी कायद्यानेच या आनंदात विष कालविले होते. १८७६ साली त्या देशात ‘इंडियन अ‍ॅक्ट’ संमत झाला. या नावाचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. तेथील मूळ रहिवाशांना युरोपीय लोक ‘इंडियन’ म्हणत, त्यावरून ते पडले. ज्या इंडियनाने विद्यापीठाची पदवी मिळविली, किंवा जो डॉक्टर, वकील अथवा धर्मोपदेशक झाला, त्याचे ‘इंडियन’ हे स्थान संपुष्टात यावे, असे एक कलम त्या कायद्यात होते. सरकारच्या दृष्टीने हा बहुमान होता. प्रत्यक्षात तो मनुष्य कायद्याने आपल्या जमातीबाहेर पडे. पुढे ही सक्ती शिथिल झाली. परंतु विद्या हवी असेल तर आपली माणसे सोडावी लागतात, हा धडा लोकांच्या मनावर कोरला गेला.

निवासी शाळांनी तो धडा अधिकच पक्का केला. सरकारच्या पैशावर आणि ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या व्यवस्थेखाली चाललेल्या या शाळांपैकी पुष्कळ शाळा कॅथलिक धर्मसंघांच्या हाती होत्या. सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून तेथे ठेवण्यात आली. मातृभाषेत बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई. हजारो मुले तेथे मृत्यू पावली. यांतील अखेरच्या शाळा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंद झाल्या. २००८ साली पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत, आणि २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन, या अन्यायाबद्दल क्षमा मागितली.

आज महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याची आजी किंवा आई अशा शाळेत वाढलेली असू शकते. शाळा या शब्दानेच ज्या घरात शांतता पसरते, त्या घरातून तो आलेला असतो. म्हणूनच कॅनडातील अनेक विद्यापीठांनी व महाविद्यालयांनी मूळनिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र सल्लागार आणि साहाय्यक नेमले आहेत. त्यांचे काम शिकवणीचे आहे, असा समज प्रथमदर्शनी होतो. तो खरा नाही. यांतील बहुसंख्य विद्यार्थ्यांना बुद्धी उसनी आणून द्यावी लागत नाही. त्यांना हवी असते ती परक्या ठिकाणी टिकून राहण्याची सोय.

प्रथम पैशाचाच प्रश्न घ्यावा. मूळनिवासींना सारे शिक्षण फुकट मिळते, अशी त्या देशात एक सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. केंद्र सरकारचा निधी सामान्यतः जमातीच्या कारभारी मंडळामार्फत विद्यार्थ्याला मिळतो आणि तो सर्वांना पुरत नाही. १९९६ पासून बरीच वर्षे या निधीची वार्षिक वाढ २ टक्क्यांवर रोखलेली होती. लोकसंख्या आणि शुल्क मात्र थांबले नव्हते. सत्य व समेट आयोगाने २०१५ साली ज्या ९४ शिफारशी केल्या, त्यांतील अकरावी शिफारस या निधीविषयीच आहे: शिक्षणासाठी ताटकळत राहिलेल्यांची रांग संपेल इतका पैसा सरकारने द्यावा. तोवर शुल्काची तारीख उलटली आणि रक्कम आली नाही, तर कचेरीत जाऊन मुदत वाढवून घेण्याचे काम सल्लागारालाच करावे लागते. पुष्कळ विद्यार्थी वयाने मोठे व लेकुरवाळे असतात. त्यांच्यासाठी राहण्याची जागा आणि पाळणाघर शोधणे हेही त्याच कामात येते.

दुसरा प्रश्न नियमांचा. जवळच्या नातलगाच्या निधनानिमित्त परीक्षेत सवलत देताना विद्यापीठ आईबाप, भावंडे एवढेच नाते जवळचे मानते. परंतु अनेक जमातींत मावशी ही आईच असते आणि चुलत भाऊ हा सख्ख्यासारखा असतो. अंत्यविधीसाठी दूरच्या गावी जाणे हे तेथे कर्तव्य समजले जाते. अशा वेळी सल्लागार प्राध्यापकाला पत्र लिहून हे नाते समजावून देतो. त्या एका पत्राअभावी गैरहजेरी लागते, आणि गैरहजेरीपायी वर्ष जाते.

तिसरी गोष्ट वडीलधाऱ्यांची. कित्येक संस्थांत जमातीतील जाणते वृद्ध मार्गदर्शक म्हणून बोलावले जातात. त्यांच्याजवळ पदवी नसते. भाषा, कथा, विधी आणि अनुभव यांचे धन असते. त्यांचे मानधन कोणत्या रकान्यात दाखवावे, असा पेच हिशेबनिसाला पडतो. सुगंधी वनस्पतींची धुरी देऊन मन शुद्ध करण्याची चाल अनेक जमातींत आहे. पण धूर दिसताच इमारतीतील आगीची घंटा वाजू लागते. हे पेच सोडविणारा मनुष्य संस्थेच्या आत असावा लागतो.

या साऱ्या कामामागील तत्त्व व्हर्ना कर्कनेस या क्री जमातीच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी, रे बार्नहार्ट यांच्यासह १९९१ साली लिहिलेल्या एका निबंधात स्पष्ट केले. आदर, समर्पकता, परस्परता आणि जबाबदारी ही चार सूत्रे त्यांनी मांडली. विद्यार्थी शिक्षण सोडून गेला की संस्था त्याच्यातील उणीव शोधते. संस्थेनेच स्वतःत काय बदलावे, हा प्रश्न विचारला जात नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९८७ साली स्थापन झालेल्या फर्स्ट नेशन्स विद्याभवनाची धुरा कर्कनेस बाईंनीच प्रथम वाहिली. १९९३ मध्ये तेथे परंपरागत लांबट गृहाच्या धर्तीवर एक इमारत उभी राहिली. रेजायना येथे तर १९७६ साली अवघ्या ७ विद्यार्थ्यांनिशी मूळनिवासींच्या कारभाराखालील महाविद्यालय निघाले. तेच पुढे कॅनडाचे फर्स्ट नेशन्स विद्यापीठ झाले.

तथापि एक धोका ओळखला पाहिजे. स्वतंत्र सल्लागार नेमला की आपले कर्तव्य संपले, असे इतरांना वाटू लागते. मग शुल्क, घर, शोक, भाषा, तक्रार, समारंभ असे सारे ओझे एकदोन माणसांच्या खांद्यावर येऊन पडते. ती बहुधा त्याच समाजातील असल्यामुळे समोरच्या विद्यार्थ्याचे दुःख त्यांच्याही घरचेच असते. ती थकून निघून गेली की वर्षानुवर्षे जोडलेला विश्वासही त्यांच्याबरोबर जातो. यास्तव हे काम ग्रंथपालापासून कुलसचिवापर्यंत सर्वांचे झाले पाहिजे.

पदवी हवी तर आपले लोक सोडा, असे १८७६ चा कायदा सांगत होता. पदवी घ्या आणि आपल्या लोकांतच राहा, हे आता नुसत्या शब्दांनी सांगून भागणार नाही. शुल्काची मुदत, रजेचा नियम आणि वृद्धाचे मानधन अशा बारीकसारीक गोष्टींतूनच ते विद्यार्थ्याला पटणार आहे.